‘आम्ही शिक्षक आहोत, नर्स नाही’

वाचकाचे पत्र

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक शाळेत दोन वर्षांपासून मुख्याध्यापिका आहे. पाचवी ते दहावीचा पट सव्वाचारशेच्या आसपास असून शिक्षक चौदा आहेत. आयुष्मान भारत अंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रमासाठी आमच्या एका शिक्षिकेने व एका शिक्षकाने आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण घेतले. तेव्हापासून आरोग्याचे जे काही असेल ते त्या दोघांचे, अशी बाकीच्यांनी समजूत करून घेतली आहे. मंगळवारची आरोग्याची तासिका परीक्षा जवळ आली की गणिताला जाते. गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी रक्तक्षयावरची साप्ताहिक लोहगोळी घेतल्यावर नववीतल्या दोन मुलींना उलट्या झाल्या. एकीचे वडील शाळेत आले आणि वर्गशिक्षिकेला भर वर्गात नाही नाही ते बोलून गेले. त्यानंतर नोंदवहीत ‘गोळी दिली’ अशी सही होते, पण गोळ्यांच्या पट्ट्या कपाटातच राहतात, हे मला ठाऊक आहे. वयात येण्याच्या विषयावर बोलायचे म्हटले की आरोग्यदूत असलेले सर टाळाटाळ करतात. मागच्या सभेत एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘आम्ही शिक्षक आहोत, नर्स नाही,’ आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आता लेखी आदेश काढावा का? काढला तर संबंध बिघडतील, न काढला तर कार्यक्रम कागदावरच राहील.

— एक मुख्याध्यापिका

उत्तर

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

कपाटात राहिलेल्या गोळ्यांबद्दल आपण स्वतःहून लिहिलेत, यासाठी प्रथम आपले आभार मानते. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ‘शिक्षक सहकार्य करत नाहीत’ हे वाक्य नेहमी असते. नोंदवही भरलेली आणि कपाटही भरलेले, ही कबुली मात्र फार क्वचित असते. मी स्वतः अकरा वर्षे मुख्याध्यापिका होते आणि अशा नोंदवहीवर मीही डोळे मिटून प्रतिस्वाक्षरी केलेली आहे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे, त्यातील बराच भाग मला उशिरा सुचलेला आहे, असे समजून वाचावे.

आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांचे म्हणणे खरे आहे आणि ते खरे असल्याचे आपण पुढच्या सभेत त्यांच्यासमोर मान्य करावे, असे मला वाटते. आपल्याकडील बहुतेक शाळांत परिचारिकेचे पद नाही. ते कधी नव्हतेच. शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी आपल्या देशात १९०९ साली बडोद्यात, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या राज्यात, सुरू झाल्याची नोंद आहे. परंतु त्यानंतर सदतीस वर्षांनी, १९४६ मध्ये, भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेतला, तेव्हा शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यातच जमा असल्याचे तिला नोंदवावे लागले. आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथून, सुरू झाला. पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता आणि आरोग्यसेविका असतात आणि जन्मतः असलेले व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार अंगांनी ते मुलांना तपासतात. पण शाळेत ते येणार वर्षातून एकदा. सहावी ते आठवीच्या शाळेचे कामाचे दिवस शिक्षण हक्क कायद्यानुसार किमान २२०. एका दिवसाचा डॉक्टर आणि दोनशेवीस दिवसांचे वर्गशिक्षक, असा हा हिशोब आहे. नर्सचे काम शिक्षकाने करावे, असे या कार्यक्रमात कुठेही अपेक्षित नाही. रोज डोळ्यांसमोर असलेल्या मुलात काही बदल दिसला तर तो ओळखावा, योग्य माणसापर्यंत पोहोचवावा आणि ठरलेला विषय वर्गात शिकवावा, एवढेच अपेक्षित आहे. ही सीमारेषा आपल्या शाळेत कोणी स्पष्ट सांगितलेली दिसत नाही. ती सांगितली गेली नाही, म्हणजे शिक्षकाला वाटते की उद्या एखाद्या मुलाला फीट आली तर त्याचे उत्तरही मलाच द्यावे लागणार.

आता त्या श्रावणी सोमवाराकडे वळते. आपण तो उल्लेख ओघात केला आहे, पण माझ्या मते आपल्या शाळेतील सगळ्या नाराजीची गाठ तिथे आहे.

लोहगोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, काहींना उलटी होते; ही गोष्ट नवीन नाही आणि गंभीरही नाही. श्रावणी सोमवारी आपल्याकडील कितीतरी शाळा सकाळी भरून लवकर सुटतात, कारण घरोघरी उपवास असतो. नववीतल्या मुली तर हौसेने उपवास धरतात. त्यातच शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. नववी-दहावीच्या मुलामुलींना खिचडी नाही, त्यांनी डबा आणला तर आणला. म्हणजे ज्या दिवशी ज्या मुलींच्या पोटात चहाखेरीज काही नसण्याची शक्यता सर्वांत अधिक, नेमक्या त्याच दिवशी, त्याच मुलींना आपण गोळी दिली. त्यात वर्गशिक्षिकेची चूक काय? तिला ‘सोमवार म्हणजे गोळीचा वार’ एवढेच सांगितलेले होते. एक मुलगी ओकली की शेजारची घाबरते आणि तिलाही मळमळू लागते, हेही शाळांत अनेकदा दिसते. दोनवर थांबले, हे आपले नशीब.

यावरचा उपाय साधा आहे, परंतु तो वर्गशिक्षकांवर न सोडता आपण स्वतः ठरवायला हवा. गोळी मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासिकेला द्यावी, म्हणजे पाचवी ते आठवीची मुले जेवलेली असतील आणि नववी-दहावीची डबा खाल्लेली असतील. ‘आज कोणी काही खाल्ले नाही?’ असे सरळ विचारावे आणि ज्यांचे हात वर येतील त्यांना त्या दिवशी गोळी देऊ नये, दुसऱ्या दिवशी द्यावी. श्रावणात वार बदलून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्राला तसे कळवले तर कोणी हरकत घेईल असे मला वाटत नाही. ताप असलेल्या किंवा आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देऊ नये. थॅलेसेमिया वा सिकलसेल असलेल्या मुलांबाबत डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज लोह देऊ नये; अशी मुले वर्गात आहेत का, हे जूनमध्येच पालकांकडून विचारून घ्यावे. गोळीनंतर शौचाचा रंग काळपट होतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते, ही गोष्ट मुलांना आधी सांगितली नाही तर ती घरी जाऊन भलतेच सांगतात. गोळीबरोबर चहा नको, लिंबू किंवा आवळा चालेल, हे तर वर्गात पाठ्यपुस्तकासारखे शिकवता येण्याजोगे आहे.

आणखी एक सुचवते. ज्या शिक्षकांना डॉक्टरांची मनाई नाही, त्यांनी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वर्गासमोर तीच निळी गोळी स्वतः घ्यावी, आणि सुरुवात आपण करावी. माझ्या शाळेत हे केले तेव्हा मुलांची भीती गेली, हे तर झालेच. पण शिक्षकांची भीती गेली, हे त्याहून मोठे काम झाले. चौघी शिक्षिकांनी नंतर स्वतःचे हिमोग्लोबिन तपासून घेतले आणि तिघींचे कमी निघाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींना आणि ३१ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. हा आकडा मी अनेक सभांत सांगितला, पण त्या तिघींचे अहवाल स्टाफरूममध्ये आल्यावर जो परिणाम झाला, तो आकड्याने कधी झाला नव्हता. त्या साप्ताहिक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, हे आमच्या मराठीच्या बाई त्यानंतर तोंडपाठ सांगू लागल्या.

आता त्या वडिलांविषयी. पालक रागावणारच; लेकीला उलट्या होताना पाहून शांत राहणारा बाप मी पाहिलेला नाही. प्रश्न हा आहे की ते वर्गापर्यंत पोहोचले कसे, आणि वर्गशिक्षिकेला बोल लावत असताना आपण कुठे होतात? पत्रात त्याचा उल्लेख नाही. कदाचित आपण पंचायत समितीत बैठकीला गेला असाल. मुख्याध्यापकाचे अर्धे आयुष्य तिथेच जाते. परंतु त्या दिवशी त्या शिक्षिकेला जे कळले, ते उरलेल्या सगळ्यांनाही कळले, की गोळी आपण द्यायची आणि शिव्याही आपणच खायच्या. त्यानंतर पट्ट्या कपाटात राहिल्या, यात मला तरी नवल वाटत नाही. सहकाऱ्यांशी संबंध बिघडतील, अशी आपल्याला काळजी आहे. त्यांच्या पाठीशी कोण उभे आहे, याचे उत्तर त्यांना अजून मिळालेले नाही, आणि ते मिळेपर्यंत बाकीचे सगळे उपाय वरवरचे ठरतील. म्हणून सभेच्या आधी, एकटीला गाठून, त्या शिक्षिकेशी बोला. ‘त्या दिवशी मी तुमच्या शेजारी उभी राहायला हवे होते’ एवढे वाक्य पुरेसे आहे. ते कार्यालयात बोलावून म्हणू नका, तिच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात म्हणा.

लेखी आदेशाचा प्रश्न यानंतर येतो. माझे उत्तर असे आहे की आदेश जरूर काढावा, पण त्यात शिक्षकांनी काय करावे याच्या आधी मुख्याध्यापिका काय करणार हे लिहिलेले असावे. उदाहरणार्थ: गोळीच्या दिवशी मुख्याध्यापिका किंवा तिने नेमलेली पर्यवेक्षक व्यक्ती शाळेत हजर राहील, कोणत्याही पालकाची तक्रार प्रथम कार्यालयात ऐकली जाईल आणि पालकाला परस्पर वर्गावर सोडले जाणार नाही, गोळी मुख्याध्यापिकेच्या सूचनेनुसार दिली जात असून सूचनेप्रमाणे वागणाऱ्या शिक्षकावर शाळेकडून ठपका येणार नाही, उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा व आरोग्यसेविकेचा दूरध्वनी क्रमांक आणि १०८ हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेला असेल. असा मजकूर सभेत वाचून दाखवावा, त्यावर चर्चा होऊ द्यावी आणि मग तो इतिवृत्तात घ्यावा. सेवकमामांनाही या सभेला बसवा. रागावलेला पालक फाटकातून आत आला की पहिली गाठ त्यांच्याशीच पडते, आणि त्याला कार्यालयात बसवून पाणी कसे द्यायचे हे त्यांना आपल्या सर्वांपेक्षा चांगले जमते.

नोंदवहीचे काय करायचे, हा अवघड भाग आहे. मागच्या सह्या खोडता येणार नाहीत आणि खोडूही नयेत. कपाटातील पट्ट्या मोजाव्या, मुदत संपलेल्या वेगळ्या काढाव्या आणि शिल्लक साठा किती आहे हे आरोग्य केंद्राला खरेखरे कळवावे. पुढच्या आठवड्यापासून ज्या दिवशी गोळी दिली नाही, त्या दिवशी ‘निरंक’ लिहिण्याची मुभा सर्वांना द्यावी आणि निरंक लिहिल्याबद्दल कोणालाही जाब विचारू नये, निदान पहिले दोन महिने. केंद्रप्रमुख विचारतील, त्यांना आपण उत्तर द्यावे. शंभर टक्क्यांची खोटी नोंद पाहून वरच्यांना वाटते की गोळी पोहोचली, आणि मग मुलींचे हिमोग्लोबिन का वाढत नाही याची कारणे भलतीकडे शोधली जातात.

कामाच्या ओझ्याबद्दल आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे पत्रात फारसे आलेले नाही, पण ते मला ऐकू येते आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अन्य अशैक्षणिक काम देऊ नये, असे म्हटले आहे, आणि हे कलम कोणीतरी सभेत वाचून दाखवणारच. त्या वादात आपण पडू नये. मुलांना आहार, स्वच्छता, व्यसन यांविषयी शिकवणे हे अध्यापनच आहे. पण त्याच तासिकेचे फोटो अपलोड करणे, रात्री साडेनऊला व्हॉट्सॲप गटावर ‘लिंक अजून भरली नाही त्यांची यादी’ पाहणे, हे अध्यापन नव्हे, आणि शिक्षकांचा त्रागा बहुधा या दुसऱ्या भागावर असतो. दोन्ही वेगळे करा. वर्गात शिकवायचे शिक्षकांनी. ऑनलाइन माहिती भरायची कार्यालयाने. लिपिकाचे पद रिक्त असेल, तर आठवड्यातून एक तास आपण स्वतः भरा. मी भरत असे. त्यातून एक फायदा असा झाला की कोणती माहिती दोनदा मागितली जाते हे मला कळले आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे ते मांडता आले.

आरोग्यदूतांची नेमणूक दोनच जणांची असते, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, कारण सर्वांना एकदम प्रशिक्षण देणे शक्य नसते. त्याचा अर्थ बाकीचे मोकळे, असा होत नाही. या कार्यक्रमात अकरा विषय आहेत. त्यांत निरोगी वाढ, भावनिक स्वास्थ्य, परस्पर नातेसंबंध, मूल्ये व जबाबदार नागरिकत्व, लिंगसमभाव, पोषण व स्वच्छता, व्यसनांपासून बचाव, निरोगी जीवनशैली, प्रजनन आरोग्य व एचआयव्हीपासून संरक्षण, हिंसा व इजा यांपासून सुरक्षितता आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर हे सर्व येते. ही यादी आपण स्टाफरूमच्या फळ्यावर लिहा आणि खडू खाली ठेवून बाजूला व्हा. शारीरिक शिक्षणाचे सर जीवनशैली घेतील, विज्ञानाच्या बाई पोषण घेतील. संगणक हाताळणारे तरुण सर मोबाइलवरील फसवणुकीबद्दल जे बोलतील, ते ऐकायला मुले बाकावर पुढे सरकून बसतील. तंबाखूचा विषय ज्याला घ्यायचा असेल त्याला एक अट घाला. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. मुलांना घेऊन दोरीने ते अंतर मोजावे आणि मग टपरी कुठे येते ते पाहावे. टपरीवाल्याशी भांडायला मात्र शिक्षकाला पाठवू नका. ते पत्र आपल्या सहीने ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपंचायतीकडे जाऊ द्या. आरोग्यदूतांनी साहित्य पुरवावे आणि पहिल्या तासाला सोबत बसावे. दोघांच्या खांद्यावरचे ओझे उतरले की तेही मोकळेपणाने बोलतील.

वयात येण्याच्या विषयावरून सर टाळाटाळ करतात, त्याबद्दल त्यांना दोष देणे मला जड जाते. आपल्या पिढीला हे कोणी शिकवले नाही. आमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातील ते प्रकरण ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिले जात असे. मुलींचा तास शिक्षिका आणि आरोग्यसेविका मिळून घेऊ शकतील. पण मुलांचा तास पुरुष शिक्षकाने घेतलेला बरा, कारण नाहीतर सातवी-आठवीतले मुलगे जे काही शिकतात ते मोबाइलवरून शिकतात. सरांना एकट्याने उभे करू नका. पहिल्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा आणि सरांनी फक्त प्रश्नपेटी सांभाळावी. मुलांनी नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकाव्या, सरांनी त्या आदल्या दिवशी उघडून चाळाव्या. माझ्या शाळेतील अशा पेटीत पहिली चिठ्ठी निघाली ती अशी: ‘आवाज फुटल्यामुळे प्रार्थना म्हणायची लाज वाटते, उभे नाही राहिलो तर चालेल का?’ ज्या सरांनी ती वाचली, ते पुढच्या वर्षी स्वतःहून तास घ्यायला तयार झाले. तासाला पालकांचा आक्षेप येऊ नये म्हणून शिक्षक-पालक संघाच्या जुलैच्या सभेत विषयांची यादी आधी वाचून दाखवावी. लपवून केले की संशय वाढतो.

सुरक्षिततेचा तास सुरू करण्यापूर्वी मात्र थोडे थांबा. हा तास मोकळेपणाने झाला, तर एखादी मुलगी किंवा मुलगा तासानंतर मागे रेंगाळतो आणि घरातल्या किंवा शेजारच्या माणसाबद्दल काही सांगतो. त्या क्षणी शिक्षकाला काय करायचे हे आधीच ठाऊक असले पाहिजे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे, आणि बालकाची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. शिक्षकाने मुलाचे ऐकून घ्यावे, उलटतपासणी करू नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये आणि त्याच दिवशी आपल्याकडे यावे. पुढचे पाऊल आपण त्याच्याबरोबर उचलावे. संस्थेच्या नावाला धक्का लागेल म्हणून ‘आपण घरी बोलून बघू’ असे सुचवणारे कोणीतरी भेटेलच, त्याचे ऐकू नका. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. मानसिक ताणासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा निःशुल्क क्रमांक आहे, आणि तो मुलांइतकाच शिक्षकांसाठीही आहे. असे काही ऐकल्यावर शिक्षकाला रात्र रात्र झोप लागत नाही, हे मी पाहिले आहे.

शिक्षकांचा उत्साह मावळण्याचे आणखी एक कारण आहे, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. एके वर्षी आमच्या शाळेत वर्गशिक्षकांनी फार मनापासून डोळ्यांची प्राथमिक तपासणी केली. व्हरांड्यात सहा मीटर अंतर मोजून खडूने रेघ ओढली, भिंतीवर तक्ता लावला, एकेक डोळा झाकून मुलांना वाचायला लावले. विसेक मुलांना पुढील तपासणीची चिठ्ठी मिळाली. मार्चमध्ये मी सहज विचारले की यांतील किती जणांना चष्मा लागला, तर कोणालाच माहीत नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की बहुतेक चिठ्ठ्या दप्तराच्या तळाशी होत्या; काही पालकांची मजुरी बुडत होती, काही जण ग्रामीण रुग्णालयात गेले तर त्या दिवशी नेत्रतपासणी नव्हती. पुढच्या वर्षी त्याच शिक्षकांनी त्याच रेघेवर मुलांना उभे करून दहा मिनिटांत वर्ग उरकला. त्यांना काय म्हणणार? म्हणून कार्यालयात एक साधी दोनशे पानी वही ठेवा: नाव, चिठ्ठीची तारीख, कुठे पाठवले, गेला का, काय निघाले. दर महिन्याच्या सभेत पाच मिनिटे ती वही वाचायची. ज्यांचे पालक जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी पथकाच्या डॉक्टरांना फोन करून दिवस ठरवून घ्यायचा. नाजूक बाबी या वहीत लिहू नयेत, त्या आपल्या कुलपात राहू द्याव्या. आपण पाठवलेल्या मुलाच्या नाकावर चष्मा दिसला की शिक्षकाला वेगळे प्रोत्साहन द्यावे लागत नाही.

शिक्षकांच्या स्वतःच्या तब्येतीचा मुद्दा मी मुद्दाम उशिरा घेतला आहे, कारण तो आधी मांडला की ‘म्हणजे आम्हाला लाच देता का’ असे गमतीने म्हणणारे निघतात. आपल्या शाळेत शिक्षिकांसाठी स्वतंत्र, आतून कडी लागणारे आणि पाणी असलेले स्वच्छतागृह आहे का? नसेल तर त्या सकाळपासून पाणी पीत नसतील, आणि ‘मुलींनो, भरपूर पाणी प्या’ हे वाक्य त्यांच्या तोंडून कसे निघते ते आपण एकदा लक्ष देऊन ऐका. केरळमधील शाळांनी २०१९ मध्ये मुलांना पाणी पिण्याची आठवण म्हणून खास घंटा सुरू केली, ती पुढे इतरत्रही पोहोचली. तशी घंटा आपण ठेवा, पण आधी कडी बसवून घ्या. घसा बसलेल्या शिक्षकाला सलग चार तासिका देऊ नयेत. तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. वर्षातून एक शनिवार ठरवून आरोग्यसेविकेला शाळेत बोलवा आणि शिक्षकांबरोबर सेवक आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाही त्या रांगेत उभे करा. अहवाल ज्याचा त्याच्या हातात द्या, फळ्यावर नको. आपल्या चौदांपैकी एखाद्याला आपला रक्तदाब इतका आहे हे त्या दिवशी प्रथमच कळेल, याची मला बरीच खात्री आहे.

मंगळवारच्या तासिकेबद्दल थोडक्यात. मार्गदर्शक सूचनांत मंगळवार आरोग्यासाठी सुचवलेला आहे आणि वर्षाला साधारण चोवीस तास अपेक्षित आहेत. शाळेचे एकूण आठवडे त्याहून बरेच जास्त भरतात. जून ते डिसेंबरमध्ये तासिका नेमाने झाल्या, तर जानेवारीनंतर दहावीचे गणित घेणाऱ्या सरांना ती वेळ खुशाल द्या, आणि हे त्यांना आत्ताच सांगून टाका. दिलेला शब्द मात्र दोन्ही बाजूंनी पाळला गेला पाहिजे.

राहिले ते ज्येष्ठ सहकारी. त्यांना कोणताही विषय शिकवायला सांगू नका. डोळ्यांच्या तपासणीच्या दिवशी व्हरांड्यात ती सहा मीटरची रेघ आखायला सांगा. अंतर चुकले तर सगळी तपासणी चुकते, आणि असे काम नेमकेपणाने करणारा माणूस प्रत्येक शाळेत एकच असतो. जंतनाशक दिन दहा फेब्रुवारीला येतो. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी मुलांनी नीट चावून खाल्ली की नाही, हे पाहायलाही त्यांच्यासारखी करडी नजर लागते. ते ‘नर्स नाही’ म्हणतील, तेव्हा आपण ‘बरोबर आहे सर’ म्हणावे आणि मोजपट्टी त्यांच्या हातात द्यावी.

गोळ्यांची पुढची खेप येण्यापूर्वी कपाट मोजून व्हावे, सभा त्यानंतरच्या आठवड्यात घ्यावी. त्या वर्गशिक्षिकेशी बोलणे या दोन्हींच्या आधी, जमल्यास उद्याच. श्रावण संपल्यावर काय झाले ते मला जरूर कळवा, नोंदवहीत निरंक किती आले तेही.

आपली,
सदर-लेखिका